म्हसूनं नियोजन फिरवलं

एका गावात एक भोळा गडी होता. गाव कुसळवाडी, गडी म्हसू.

भोळा म्हणजे किती भोळा? एकदा आई म्हणाली, "म्हसू, दूध उतू जातंय का बघ." म्हसू चुलीपुढं बसला. दूध वर आलं. म्हसूनं बघितलं. दूध उतू गेलं. म्हसूनं तेही बघितलं. आई येऊन पाहते तर चूल विझलेली आणि मांजर खूश.

"अरे मुडद्या, बघत काय बसलास?"

"तूच म्हणालीस, जातंय का बघ. गेलं."

म्हसू खोटं बोलत नसे. त्यात त्याचा काही मोठेपणा नव्हता. खोटं बोलायचं तर आधी खरं काय ते एका कोपऱ्यात काढून ठेवावं लागतं, आणि म्हसूच्या डोक्यात दोन गोष्टी ठेवायला जागा नव्हती. तुमच्या-आमच्या डोक्यात आहे. म्हणून आपण शहाणे.

म्हसूच्या आईला सगळं गाव ठकूमाय म्हणायचं. ठकूमायला दोन गुडघे होते आणि दोन्ही कामातून गेले होते. कारण गावची बारव. बारवेला बहात्तर पायऱ्या. उतरताना बहात्तर, पण भरला हंडा डोक्यावर घेऊन चढताना मोजल्या तर दीडशे भरत. ठकूमाय लग्न होऊन आली त्या दिवसापासून त्या मोजत होती.

सहा वर्षांमागं गावात नवलाई झाली. टेकडीवर पाण्याची टाकी उभी राहिली. चार पायांची, निळीशार, हत्तीसारखी. घरोघरी नळ आले. टाकीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'घरोघरी पाणी, हीच आमची वाणी.' त्यातली वाणी घरोघरी आली. पाणी राहिलं.

ठकूमायच्या दारातला नळ सहा वर्षं तसाच उभा. पितळी, चकचकीत. ठकूमाय त्याच्यावर फडकं वाळत घालायची. कधी कधी तोटी फिरवायची, खाली वाकून आत बघायची आणि म्हणायची, "म्हसू, माझे गुडघे बारवेत राहिले रे. मरायच्या आत ह्या नळाखाली एक तांब्या भरला, की मी सुटले."

एवढीच तिची इच्छा. काशी नको, रामेश्वर नको. एक तांब्या.

तर नळ कोरडा निघाला त्याच वर्षी म्हसूनं ठरवलं, मायचा तांब्या भरायचा. पाणी कुणाच्या हातात? गावचे सरपंच बापूसाहेबांच्या. मग त्यांच्याकडंच कामाला राहायचं.

आता बापूसाहेबांची ओळख करून देतो. बापूसाहेब खोटं बोलत नसत. खरंही बोलत नसत. दोहोंच्या मधून एक पाऊलवाट जाते, तिच्यावरून ते धोतराचा सोगा धरून झोकात चालायचे. एकदा त्यांचा बैल मेला. लोक विचारायला आले. बापूसाहेब म्हणाले, "बैलाच्या उपलब्धतेबाबत काही प्रमाणात अडचण निर्माण झाली आहे." लोक बैलाला औषध घेऊन गोठ्यात गेले!

बापूसाहेबांना गडी हवाच होता. आधीच्या गड्याला एक दिवस सगळं समजलं होतं, म्हणून त्याला 'सेवेतून मोकळं' केलं होतं. बापूसाहेबांनी म्हसूला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. ह्याला काही समजेल, अशी जागाच कुठं दिसेना. लगेच कामावर घेतलं. दोन वेळचं जेवण, आणि हंगामात मोसंबी.

टाकीच्या पायथ्याला पत्र्याची खोली होती. तिच्यात एक लाल चाक.

"म्हसू, हे चाक रोज पहाटे डावीकडं फिरवायचं. दिवस बुडताना बंद करायचं."

"हे काय आहे, बापूसाहेब?"

"हे? हे पाण्याचं नियोजन."

"बरं. आणि उजवीकडं फिरवलं तर?"

"छे छे! उजवीकडं तांत्रिक अडचण आहे."

म्हसूनं वाकून चाकाच्या उजवीकडं बघितलं. तिथं एक पाल बसली होती. जाडजूड, डोळे वटारून. म्हसूला पटलं. अशी अडचण असल्यावर कोण हात घालील?

त्या दिवसापासून लाल चाकाचं नाव नियोजन आणि पालीचं नाव तांत्रिक अडचण. एकदा ठकूमायच्या घरात आढ्यावर पाल निघाली, तर म्हसू ओरडला, "माय, सरक! डोक्यावर तांत्रिक अडचण आहे!"

रोज पहाटे म्हसू नियोजन फिरवायचा. जमिनीखालून खळखळ खळखळ आवाज जायचा. म्हसूला तो आवाज फार आवडायचा. घरी आला की आई विचारायची, "काय केलंस?"

"नियोजन केलं."

"मग पाणी का नाही?"

म्हसू हे विचारायला बापूसाहेबांकडं गेला. बापूसाहेब म्हणाले, "सांग तुझ्या आईला, पाणी विचाराधीन आहे."

म्हसू घरी आला. "माय, पाणी विचाराधीनला आहे."

"हे कुठं आलं रे? पैठणच्या पलीकडं?"

"असल. लांब दिसतंय."

दर उन्हाळ्यात आई विचारायची, "निघालं का रे तिथून?" म्हसू म्हणायचा, "अजून नाही." मग दोघं मिळून बापूसाहेबांनी दिलेली मोसंबी खायची. भर चैत्रात काय ती रसाळ मोसंबी! सगळं रान करपलेलं, आणि बापूसाहेबांची बाग मात्र हिरवीगार. बापूसाहेब म्हणायचे, देवाची कृपा. लोक म्हणायचे, देवसुद्धा माणूस बघून कृपा करतो.

अशी सहा वर्षं गेली. मग बापूसाहेबांनी म्हसूला बढती दिली. नियोजन झालं की दिवसभर वाड्याच्या फाटकावर उभं राहायचं. आणि इथून गोष्टीला पाय फुटले.

पहिल्याच दिवशी बाया रिकामे हंडे घेऊन फाटकावर आल्या. तीस-चाळीस बाया, पुढं ठकूमाय. हंड्यावर हंडे आपटून नुसता गलका. बापूसाहेब माडीवरून खाली येईनात. त्यांनी म्हसूला वर बोलावलं. म्हणाले, "त्यांना सांग, परिस्थिती नियंत्रणात आहे. घाबरण्याचं कारण नाही."

म्हसूनं फाटकावर जाऊन सांगितलं, "परिस्थिती नियंत्रणात आहे. घाबरण्याचं कारण नाही."

"कुणाच्या नियंत्रणात?" ठकूमाय म्हणाली.

हे म्हसूला शिकवलं नव्हतं. त्यानं परत पहिल्यापासून म्हटलं. तिनं परत विचारलं. त्यानं परत म्हटलं. सात वेळा झालं. शेवटी बाया दमल्या आणि बारवेकडं गेल्या.

बापूसाहेबांनी पाठ थोपटली. "शाब्बास! कुणी आरडाओरडा करत आलं, की हेच म्हणायचं."

"हेच म्हणतो."

चार दिवसांनी बापूसाहेब तालुक्याला गेले होते. वाड्यामागं कडब्याची गंजी होती, तिला लागली आग. धूर बघून सगळं गाव धावलं. कुणाच्या हातात घमेलं, कुणाच्या हातात पोतं. "आग! आग! म्हसू, फाटक उघड!"

म्हसूनं बघितलं. लोक आले आहेत. आरडाओरडा करत आले आहेत. त्यानं छाती पुढं काढली.

"परिस्थिती नियंत्रणात आहे. घाबरण्याचं कारण नाही."

आता तुम्ही म्हणाल, लोकांना डोळे नव्हते का? होते. पण सहा वर्षांची सवय वाईट. असलं वाक्य कानावर पडलं, की कुसळवाडीचे पाय आपोआप घराकडं वळायचे. लोक थबकले, एकमेकांकडं बघितलं, घमेली काखेत मारली आणि गेले घरी जेवायला.

संध्याकाळी बापूसाहेब आले. गंजीच्या जागी राख. राखेशेजारी म्हसू, अगदी नियंत्रणात.

"अरे गाढवा! आग लागल्यावर असं म्हणतात का? धूर दिसला, की युद्धपातळीवर मदतकार्य हाती घ्यायचं!"

"म्हणजे काय करायचं?"

"म्हणजे ओरडायचं, धावायचं, हाताला लागेल ते उचलायचं आणि ओतायचं!"

"पाणी ओतायचं?"

"पाणी कुठलं आणतोस, कार्ट्या! पाणी आहे का गावात?"

सहा वर्षांत बापूसाहेबांच्या तोंडून निघालेलं हे पहिलं खरं वाक्य. पण रागाच्या भरात निसटलं, म्हणून धरायचं नाही. म्हसूनं मात्र बाकीचं धरून ठेवलं. धूर दिसला, की युद्धपातळी.

पुढच्या आठवड्यात वाड्याच्या नव्या माडीची वास्तुशांत होती. अंगणात मांडव, मांडवात होम. पाटावर बापूसाहेब सोवळ्यात, शेजारी शालू नेसलेल्या बाईसाहेब. वामनभट्ट पळीनं तूप सोडत होते आणि "स्वाहा, स्वाहा" म्हणत होते. स्वयंपाकघराच्या दाराशी भलंमोठं पातेलं भरून मठ्ठा ठेवला होता. कोथिंबीर, जिरं, आलं, सगळं घालून.

होम पेटला. धूर निघाला. धूर मांडवावरून फाटकावर गेला आणि म्हसूच्या नाकात शिरला.

म्हसू ताठ झाला. "युद्धपातळी!" असा ओरडत तो आत धावला. हाताला पहिलं काय लागलं? पातेलं. चौघांनी उचलायचं ते पातेलं त्यानं एकट्यानं उचललं, आणि वामनभट्ट "स्वाहा" म्हणतात न म्हणतात, तोवर सगळा मठ्ठा स्वाहा.

होम विझला. भटजींच्या शेंडीवरून कोथिंबीर ओघळली. बाईसाहेबांच्या नथीत आल्याचा तुकडा अडकला. बापूसाहेबांच्या उघड्या पोटावरून मठ्ठा पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरला.

"विझली!" म्हसू आनंदानं म्हणाला. "ह्या वेळी वेळेवर आलो."

बापूसाहेब थरथरत उठले. पाहुण्यांच्या देखत ओरडता येईना. म्हसूला बाजूला नेऊन कानात म्हणाले, "मूर्खा! काही सांडलं, लवंडलं, कुणी तोंडावर आपटलं, तर चारचौघांत असा तमाशा करायचा नसतो. प्रकरणावर पांघरूण घालायचं असतं!"

"पांघरूण?"

"हो, पांघरूण! आणि प्रकरण दाबून टाकायचं. काही झालं तरी उघड होऊ द्यायचं नाही!"

"दाबून टाकतो," म्हसू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळची गोष्ट. बापूसाहेब पांढरंशुभ्र धोतर, पांढरा सदरा, पायात करकरीत नवा जोडा अशा थाटात फाटकातून निघाले. फाटकाशेजारी उकिरडा होता. नव्या जोड्यानं दगा दिला. बापूसाहेब घसरले आणि पालथे उकिरड्यात!

म्हसूनं बघितलं. लवंडलं आहे. तोंडावर आपटलं आहे. म्हणजे हेच प्रकरण.

कुंपणावर गोधडी वाळत होती. म्हसूनं ती ओढली, बापूसाहेबांच्या डोक्यापासून गुडघ्यापर्यंत घातली, आणि वर बसला.

इतक्यात बारवेकडं धुणं घेऊन निघालेल्या बाया आल्या. सहा जणी. हातात धोपाटणी. पुढं ठकूमाय.

"म्हसू, कशावर बसलास रे?"

"प्रकरणावर."

"काय म्हणतोस! हलतंय की ते!"

"मोठं प्रकरण आहे. दाबून धरलंय."

गोधडीतून आवाज आला, "ऊंऽऽ ऊंऽऽ मूऽऽ". तोंड शेणात असल्यावर मूर्ख हा शब्द तेवढाच बाहेर येतो.

"अगं बाई, गुरगुरतंय!" एक जण किंचाळली. "तरस आहे तरस! परवा मळ्यात दिसलं होतं!"

"म्हसू, उघडून दाखव!"

"उघड करायचं नाही. बापूसाहेबांनी सांगितलंय."

"मग घट्ट धर, आम्ही बघतो!"

आणि बायांनी पदर खोचले. सहा धोपाटणी, वाकळा धुऊन तयार झालेले हात! धप, धप, धप! बापूसाहेबांचं इतकं स्वच्छ धुणं कुणी कधी केलं नसेल.

मग ठकूमायचं लक्ष खाली गेलं. "थांबा गं. तरस कधीपासून नवा जोडा घालायला लागलं?"

जोडा ओळखल्यावर धोपाटणी थांबली, असं काही जणी सांगतात. काही जणी सांगतात, ओळखल्यावरच खरी सुरू झाली. खरंखोटं देव जाणे आणि बापूसाहेबांची पाठ जाणे.

बापूसाहेब बाजेवर पडले. पाठीला हळद, कमरेला शेक. आणि अशा वेळी तालुक्याहून निरोप आला. पाणीखात्याचे मोठे साहेब उद्या टाकी पाहायला येताहेत.

का येताहेत? तर बायांनी अर्ज केला होता. ठकूमायनं सांगितलं, शाळेतल्या बाईंनी लिहिलं, आणि साऱ्याजणींनी अंगठे उठवले. अर्जात दोनच शब्द होते. पाणी नाही. साहेबांच्या कचेरीत असा अर्ज आजवर आलाच नव्हता. चार जणांनी वाचला, तरी त्याचा दुसरा काही अर्थ निघेना. म्हणून पाहणी निघाली. साहेबांनी 'समाधानकारक' असा शेरा मारला, की अर्ज निकाली. मग ठकूमायचा तांब्या ह्या जन्मी काही भरत नाही.

बापूसाहेबांनी म्हसूला बाजेशी बोलावलं. बोलताना त्यांची कूस दुखत होती, म्हणून एकेक शब्द वेगळा निघत होता.

"म्हसू, आजपासून माझे शब्द तुझ्या तोंडात नकोत. नियंत्रण नको. युद्ध नको. पांघरूण नको."

"नको."

"उद्या साहेब येतील. तू चहा द्यायचास. साहेब काय विचारतील, त्याचं साधं उत्तर. चहा कुठाय म्हणाले, चहा दाखवायचा. चप्पल कुठाय म्हणाले, चप्पल दाखवायची. कुठाय म्हटलं, की दाखवायचं. एवढं जमेल?"

"कुठाय म्हटलं, की दाखवायचं," म्हसू म्हणाला. "हे सोपं आहे. हे आधीच सांगायचं की, बापूसाहेब!"

दुसऱ्या दिवशी टाकीखाली मांडव घातला. साहेब आले. गोल, गोरे, घामेजलेले. बापूसाहेबांची बाज चौघांनी उचलून मांडवात आणली. समोर सगळं गाव. पहिल्या रांगेत ठकूमाय, मांडीत रिकामा तांब्या. वाड्यातून आमरसाचा वास सुटला होता, आणि साहेबांचं अर्धं नाक तिकडं होतं.

बापूसाहेब बाजेवर कोपर टेकून बोलले. "काही तांत्रिक बाबींमुळे पाणीपुरवठा अंशतः प्रभावित झाला असला, तरी पर्यायी व्यवस्थेच्या दृष्टीनं सकारात्मक पावलं उचलण्यात येत असून, काम अंतिम टप्प्यात आहे."

ठकूमायनं शेजारणीला विचारलं, "काय म्हणतोय?"

"पाणी नाही म्हणतोय."

"मग एवढा वेळ का लागला?"

साहेब उठले. तेही त्याच शाळेत शिकलेले. त्यांनी घसा खाकरला. "एकंदरीत पाहता, उपलब्ध माहितीच्या आधारे, प्रगती समाधानकारक दिसते. तथापि, कुठंतरी पाणी मुरतंय, असं वरिष्ठ पातळीवर जाणवतं. आता हे पाणी नेमकं कुठं मुरतंय, हे पाहावं लागेल."

असं म्हटलं, की पाहावं लागत नाही. ही त्या शाळेची रीत. पाहू म्हणायचं, आणि जेवायला बसायचं. बापूसाहेबांनी मान डोलावली. साहेबांनी पेन काढलं. आमरसाचा वास आणखी जवळ आला.

आणि चहाचा ट्रे घेऊन उभा असलेला म्हसू म्हणाला, "दाखवतो."

साहेबांचं अर्धं नाक आमरसावरून परत आलं.

"काय दाखवतोस?" साहेब म्हणाले.

"पाणी कुठं मुरतंय ते. चला. लांब नाही."

"अरे, ते बोलायची एक पद्धत असते..." बापूसाहेब बाजेवर उठून बसले. पाठ कळवळली तरी उठून बसले. "म्हसू! चहा कुठाय रे?"

"हा काय, ट्रेमध्ये."

"माझा जोडा कुठाय?"

"तुमच्या पायात."

"अरे, माझी... माझी..." दुसरं काय हरवावं, ते बापूसाहेबांना सुचेना.

म्हसू चालायलाही लागला. साहेबांना जायचं नव्हतं. पण त्यांच्या मागं ठकूमाय उभी राहिली, तिच्यामागं चाळीस बाया, प्रत्येकीच्या कडेवर हंडा. अशा वेळी माणूस पुढंच जातो. मागोमाग बापूसाहेबांची बाज निघाली, कारण ती उचलणाऱ्या चौघांनाही बघायचं होतं. बापूसाहेब वरून ओरडत होते, "खाली ठेवा! मागं फिरा!" चौघं म्हणत होते, "आलं, आलं, बापूसाहेब, जवळच आहे म्हणतोय."

म्हसूनं पत्र्याच्या खोलीचं दार उघडलं. "हे नियोजन. रोज पहाटे मी हे डावीकडं फिरवतो. आत्ता फिरवलेलंच आहे."

"आणि मग?" साहेबांनी नको असताना विचारलं.

"मग खळखळ जातं. ऐका."

सगळ्यांनी कान दिला. जमिनीखालून खळखळ खळखळ. म्हसू त्या आवाजाच्या मागं निघाला, आवाजामागं साहेब, साहेबांमागं गाव. टेकडी उतरून, ओढा ओलांडून, कुंपणातून आत. बापूसाहेबांची मोसंबीची बाग. झाडाखाली घोटाभर पाणी. बेडूक ओरडताहेत. एक बगळा एका पायावर उभा.

साहेबांचा बूट चिखलात रुतला तो तिथंच राहिला.

"इथं मुरतंय," म्हसू म्हणाला. "चहा घ्या."

साहेब मोजा वर धरून म्हणाले, "हे... हे प्रथमदर्शनी असं दिसतंय की..."

"प्रथमदर्शनी नाही, साहेब. मी सहा वर्षं बघतोय."

ठकूमाय पुढं आली. चिखलात पाय रोवून तिनं लेकाकडं बघितलं.

"मुडद्या, सहा वर्षं मी बहात्तर पायऱ्या मोजते. तुला ठाऊक होतं, तर सांगितलं का नाहीस?"

म्हसूला कळेना, माय का रागावली. "माय, तू रोज विचारायचीस, पाणी का नाही. सगळं गाव तेच विचारायचं. कुठं आहे, हे कुणी विचारलंच नाही."

ठकूमायनं कपाळावर हात मारला. मग तिनं दुसरा प्रश्न विचारला. नीट, तोलून.

"आणि उजवीकडं फिरवलं, तर पाणी कुठं जातं रे, लेकरा?"

"ते ठाऊक नाही. उजवीकडं तांत्रिक अडचण आहे."

"दाखव बरं तुझी अडचण."

बाज आणि ती उचलणारे चौघं बागेत राहिले, बाकी सगळे परत खोलीत. म्हसूनं बोट दाखवलं. चाकाच्या उजवीकडं पाल बसली होती. तीच, जाडजूड. ठकूमायनं पायातली वहाण काढून नुसती उगारली. सहा वर्षांची तांत्रिक अडचण शेपूट टाकून पळाली.

"फिरव."

म्हसूनं नियोजन फिरवलं. चाक कुरकुरलं, अडलं, मग फिरलं. जमिनीखालची खळखळ थांबली. थोडा वेळ काहीच नाही. आणि मग गावाच्या बाजूनं एकदम गिल्ला उठला.

सगळी धावली. ज्यांना धावता येत नव्हतं तीही धावली. बापूसाहेबांची बाज उचलणाऱ्या चौघांनी बाज बागेतच सोडली आणि तेही धावले. गावात सहा वर्षं सगळ्या तोट्या उघड्याच होत्या. कुणी बंद केल्या नव्हत्या, कशाला करील? प्रत्येक दारात कारंजं. कोंबड्या छपरावर. पोरं गल्लीत लोळतात. वामनभट्ट स्वतःच्या दारात दुसऱ्यांदा भिजले.

ठकूमायच्या नळानं आधी गंजाचा ठसका दिला. मग दोन मुंगळे टाकले. मग हवा सोडली, मग लाल पाणी, मग पांढरं. ठकूमायनं तांब्या खाली धरला. तुडुंब भरला, वरून सांडायला लागला, तरी तिनं हात काढला नाही. मग तिनं एक घोट घेतला.

"कसं आहे, माय?"

"गंजाचं लागतंय," ठकूमाय म्हणाली आणि डोळे पुसले. "गोड आहे."

साहेब एका पायात बूट घालून ओट्यावर बसले होते. पुढ्यात कागद. त्यांनी लिहिलं, 'पाहणीअंती असे निदर्शनास आले की...' ठकूमाय शेजारी येऊन उभी राहिली. ओला तांब्या कागदावर धरून म्हणाली, "साहेब, अर्ज दोन शब्दांचा होता. एवढं कशाला लिहिता?"

साहेबांनी तांब्याकडं बघितलं, बायांकडं बघितलं, ते लिहिलेलं खोडलं. अहवाल चार शब्दांचा झाला. पाणी आहे. बागेत होतं.

"आता ह्यावर सरपंचांची सही लागेल," साहेब म्हणाले. "सरपंच कुठं आहेत?"

आता तुम्हाला मधली एक गोष्ट सांगायची राहिली. चौघं बाज टाकून पळाले, तेव्हा बागेत बापूसाहेब एकटेच. नियोजन फिरवून झालं, तसा म्हसू चहाचा ट्रे न्यायला तिथं परत आला होता. बापूसाहेबांनी त्याचा हात धरला. केविलवाणे होऊन म्हणाले, "म्हसू, बाबा, माझ्या अंगावर पांघरूण घाल. आणि मी इथं आहे, हे कुणाला सांगू नको. वचन दे."

म्हसूनं वचन दिलं. बाजेवरचीच गोधडी घातली, चारी कडा नीट खोचल्या, आणि ट्रे घेऊन गावात आला.

म्हसू वचनाचा पक्का. साहेबांनी विचारलं, सरपंच कुठं आहेत, तर त्यानं एक शब्दसुद्धा सांगितला नाही.

"दाखवतो," म्हणाला.

पुन्हा मिरवणूक. पुढं म्हसू, मागं साहेब, मागं ठकूमाय आणि भिजलेल्या बाया. घरोघरी भिजलेल्या गोधड्या धुवायच्याच होत्या, म्हणून काहींनी धोपाटणी बरोबर घेतली. बागेत बाज होती. बाजेवर गोधडी. गोधडी श्वास घेत होती. तिच्याखालून करकरीत नवा जोडा बाहेर आला होता.

"हे काय आहे रे, म्हसू?"

"प्रकरण."

ठकूमाय पुढं झाली. तिनं तो जोडा बघितला. डावा बघितला, उजवा बघितला. पुन्हा डावा बघितला. मग पदर खोचला.

"तरसच दिसतंय, गं," ती म्हणाली, आणि धोपाटणं उचललं.